अचानक बिघडलं, ते वयामुळे नव्हे

पत्र : 'माझी आई ७६ वर्षांची आहे. कराड तालुक्यात गावी धाकट्या भावाकडे असते, मी नोकरीनिमित्त पिंपरीला. तिला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. महिन्यापूर्वी सकाळी चहा पिताना कप हातातून सुटला, उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, बोलणं बोबडं झालं. भावजयीने साखरपाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं, म्हणून कुठे दाखवलं नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काहीबाही बोलू लागली. वारलेल्या मावशीला हाका मारत होती, भावाला ओळखेना, रात्रभर उठून दाराकडे जात होती. गावातल्या डॉक्टरांनी दोन सलाईन लावली. आता रात्रीची बडबड कमी झाली आहे, पण दिवसभर गुंगीत असते, जेवताना घास तोंडात तसाच राहतो. भाऊ म्हणतो, वय झालं, आता असंच चालायचं. काकू म्हणतात, बाहेरचं आहे. मला अल्झायमरची शंका येते. नक्की काय असेल? मेंदूचा एमआरआय काढावा का?'
— एक वाचक, पिंपरी

उत्तर :

तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी संपादकांकरवी निरोप पाठवला होता की, उत्तर छापून यायची वाट पाहू नका. जिथे सिटी स्कॅन आणि चोवीस तास चालणारी लॅब आहे अशा रुग्णालयात आईंना आजच न्या. तोच निरोप इथे पुन्हा लिहिते, कारण अशा अवस्थेतलं एखादं माणूस हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरीही असू शकतं.

'रात्रीची बडबड कमी झाली' हे तुम्ही सुधारणा म्हणून लिहिलंत. मला पत्रातली तीच ओळ सर्वांत जास्त खटकली. आरडाओरडा करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे सगळं घर धावतं. गप्प पडून राहणाऱ्याला 'आता शांत झोप लागतेय' म्हणून कुणी उठवतही नाही. पण घास तोंडात तसाच राहतोय याचा अर्थ चावणं आणि गिळणं एवढंही भान टिकत नाही. तो घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. पूर्ण जाग येऊन बसेपर्यंत त्यांना काहीही भरवू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही एका पत्रात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवून पाहायला हव्यात. चहाचा कप सुटला ती एक, जुलाबानंतरचं बरळणं ही दुसरी. त्यांची मुळं वेगळी असू शकतात आणि उपाय तर नक्कीच वेगळे आहेत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे : दोन्हींना सुरुवातीची वेळ आहे. अमुक सकाळी, अमुक संध्याकाळी, असं तुम्ही बोट ठेवून सांगू शकता. वयाला अशी वेळ नसते. वयामुळे जे होतं ते वर्षानुवर्षं हळूहळू होतं, मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला होत नाही. भावाला एवढं एक पटलं तरी माझं निम्मं काम झालं.

आधी कपाची गोष्ट. उजवा हात, तोंड आणि वाचा एकाच वेळी गेली. शरीराची उजवी बाजू आणि बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागाकडे असते. त्या भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटं तुटला आणि गुठळी विरघळून किंवा पुढे सरकून पुन्हा सुरू झाला, असं चित्र यातून दिसतं. डॉक्टर याला टीआयए म्हणतात, गावाकडे 'वाऱ्याचा झटका येऊन गेला' म्हणतात. सगळं पूर्ववत होतं हेच यातलं फसवं आहे. हात परत चालायला लागला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि कामाला लागतात. खरं तर मोठा अर्धांगवायू येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढचे तीन महिने तो बऱ्यापैकी टिकतो. म्हणजे तुमची आई अजून त्याच मुदतीत आहे. म्हणून महिना उलटला तरी ही तपासणी सोडायची नाही. मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), ईसीजी आणि हृदयाची इको एवढं तरी व्हायला हवं. नाडी अनियमित असेल तर तसं आवर्जून सांगा. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी थेट मेंदूकडे जाते. म्हाताऱ्या माणसांतल्या मोठ्या झटक्यांमागे हे कारण वारंवार निघतं. ते वेळेत सापडलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीने बराच धोका टळतो.

पण भावजयीने साखरपाणी दिलं आणि आई सुधारली, हाही तपशील मी बाजूला टाकणार नाही. रक्तातली साखर फार खाली गेली की कधी कधी अगदी असाच, एका बाजूचा लकवा झाल्यासारखा प्रकार होतो आणि साखर वर आली की तो जातो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांत साखर बेभरवशाने खाली आणतात, विशेषतः मूत्रपिंडं थकलेली असतील तर. सकाळची गोळी घेतली आणि न्याहारी लांबली, एकादशीचा उपास धरला, चतुर्थीला चंद्रोदयाची वाट पाहिली, एवढं निमित्त पुरतं. त्या सकाळी बोटाला सुई टोचून साखर पाहिली असती तर दोन्हींतलं काय होतं ते अर्ध्या मिनिटात कळलं असतं. शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या प्रत्येक घरात ग्लुकोमीटर हवा, आणि पट्ट्यांची मुदत संपलेली नसावी. साखर ७० च्या खाली असेल, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. सुधारलं तरी डॉक्टरांकडे न्याच, कारण या गोळ्यांचा असर लांबतो आणि साखर काही तासांनी परत घसरते.

भावजयीला यात दोष नाही, तिने सुचेल ते प्रेमाने केलं. पण पुढच्या वेळेसाठी सांगते, तोंड वाकडं झालेलं असताना, बोलणं बोबडं असताना तोंडातून पाणीसुद्धा द्यायचं नाही. जीभ लुळी तशी घशाचे स्नायूही लुळे असू शकतात.

आणि पुढच्या वेळी पंधरा मिनिटं थांबून 'बघू या' असंही करायचं नाही. तुमच्या भावाने हे पाठच करावं : आईला हसायला सांगायचं, दोन्ही हात समोर धरायला सांगायचं, 'आज बाजारात भाजी महाग आहे' असं काहीतरी वाक्य म्हणून घ्यायचं. हसू एका बाजूचं, एक हात खाली येतोय, वाक्य अडखळतंय, यांतलं एक जरी झालं तरी घड्याळ पाहायचं आणि १०८ ला फोन लावायचा. अचानक तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, एका डोळ्यापुढे पडदा येणं, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं यांनाही तोच नियम. रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास झटका दिसल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचं धडधाकट कधी दिसलं तिथपासून मोजतात. सकाळी सहाला उठवायला गेलात तेव्हा हात लुळा दिसला, तर डॉक्टर विचारणार रात्री झोपताना किती वाजता ठीक होत्या, मध्ये लघवीला उठल्या होत्या का, तेव्हा नीट चालल्या का. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी ओढून काढता येते आणि निवडक रुग्णांत ती खिडकी २४ तासांपर्यंत उघडी असते, पण ती सोय मोठ्या शहरांतच जास्त आहे. मोठी वाहिनी बंद पडल्यावर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात. म्हणून सिटी स्कॅन असलेलं रुग्णालय दहा किलोमीटर लांब असलं तरी तिथेच थेट जायचं, वाटेतल्या दोन दवाखान्यांत थांबायचं नाही.

घरी ॲस्पिरिनची गोळी चघळायला देऊ नका. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे बाहेरून मलाही ओळखता येत नाही, स्कॅनमध्येच कळतं. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घातक ठरतं. बीपी त्या वेळी वाढलेलं दिसेल म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते झटकन उतरवायलाही जाऊ नका. मेंदूला रक्त पोचावं म्हणून शरीराने तो दाब चढवलेला असतो.

आता दुसरी गोष्ट, जी जास्त गुंतागुंतीची आहे आणि ज्यात घरच्यांचा हात सर्वांत मोठा लागतो.

दोन दिवसांत माणूस बदलणं, संध्याकाळनंतर वाढणं, मध्येच अर्धा तास अगदी शहाण्यासारखं बोलणं आणि पुन्हा भरकटणं, दिवसा गुंगी आणि रात्री जागरण. याला डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं 'वात झाला', 'भ्रम झाला' म्हणायची. तो असतो कुठल्या तरी आजाराचा धूर, आग दुसरीकडे असते. म्हातारा मेंदू शरीरातल्या कुठल्याही बिघाडाला आधी असा प्रतिसाद देतो. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप आणि खोकला येतो. ८० च्या आजोबांना ताप न येता नुसतं बरळणं सुरू होतं.

डिलिरियम आहे का हे घरी पाहायची एक सोपी पद्धत सांगते. त्यांना वार उलटे म्हणायला सांगा : रविवार, शनिवार, शुक्रवार... शाळा न शिकलेल्या आजींनाही वार पाठ असतात. डिलिरियममधलं माणूस 'रविवार, शनिवार' म्हणतं, मग थांबतं, छताकडे बघतं, 'सोमवार, मंगळवार' असं सरळ सुरू करतं किंवा आपल्याला काय विचारलंय तेच विसरतं. स्मरणशक्तीच्या आधी इथे लक्ष तुटलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ हे विचारून उत्तर वहीत लिहून ठेवलंत तर डॉक्टरांना चढउतार डोळ्यांनी दिसतो.

कारण कुठे शोधायचं? तुमच्या आईंच्या बाबतीत माझी पहिली शंका सोडियमवर, म्हणजे रक्तातल्या मिठाच्या घटकावर आहे. रक्तात सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. जुलाब-उलट्यांत ते जातं. त्यात बीपीची गोळी कुठली आहे ते बघा. पाकिटावर गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' अशी अक्षरं असतील, तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, पण वयस्क बायकांमध्ये ते सोडियम खाली ओढतं हे आम्ही नेहमी पाहतो. उन्हाळ्यात आणि पोट बिघडल्यावर तर फारच. बीपी म्हणून मीठ तोडलेलं, जुलाब म्हणून पेज आणि साधं पाणी भरपूर पाजलेलं, आणि गोळी रोजच्यासारखी चालू. सोडियम १२० च्या खाली आलं की माणूस बरळतं, मग गुंगीत जातं आणि फिटही येऊ शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ एस्सिटॅलोप्रॅम, आणि फिटच्या कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन याही सोडियम उतरवतात. हे कळल्यावर घरी मीठ चारून भरून काढायला मात्र जाऊ नका. सोडियम हळूहळूच वर आणावं लागतं, चोवीस तासांत साधारण आठ अंकांपेक्षा जास्त नाही. घाईने चढवलं तर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासता येईल अशाच ठिकाणी हा उपचार करायचा. दोन सलाईन लावून सोडून देण्यासारखं हे काम नाही.

त्याच रक्तातून क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि पोटॅशियम पाहायला सांगा. अंगातलं पाणी गेलेलं असताना बीपीची गोळी चालू राहिली तर मूत्रपिंडं काही दिवसांत मंदावतात, मग साखरेची गोळी शरीरात साचते आणि साखर खाली जाते. म्हणजे एकातून दुसरं निघत जातं. शुगरच्या औषधांत डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण उलट्या आणि उपासमारीत तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसत नाही. इथून पुढे एक नियम घरात असू द्या : जेवण जात नाही, जुलाब-उलट्या चालू आहेत, त्या दिवशी शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या तशाच द्यायच्या की थांबवायच्या, हे सकाळीच डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

दुसरी मोठी शंका डोक्याला लागल्याची. त्या सकाळी कप सुटला तेव्हा आई पडल्या होत्या का? रात्री दाराकडे जाताना भिंतीला, चौकटीला डोकं आपटलं का? वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्यानेही फाटतात. रक्त थेंबाथेंबाने साठतं. माझ्याकडे एक आजोबा आले होते, घरच्यांच्या मते पंधरा दिवसांत 'एकदम म्हातारे झाले' होते : पाय ओढत चालत होते, दुपारी सतत झोपत होते, धोतर नेसताना गोंधळत होते. पडलेत का, म्हटलं तर सगळे नाही म्हणाले. नातवाला आठवलं की दिवाळीत गोठ्याच्या चौकटीला डोकं लागलं होतं, जरा हळद लावली होती. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला रक्ताचा जाड थर निघाला. कवटीला दोन छोटी भोकं पाडून तो काढला आणि आजोबा घरी चालत गेले. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून आईंचा सिटी स्कॅन हवाच.

मग जंतुसंसर्ग : छाती, लघवी, पायाची जखम, पाठीवरचा बेडसोर. लघवीच्या तपासात थोडे जंतू दिसले की सगळा दोष त्यावर टाकायची सवय आमच्या व्यवसायातही आहे. वयस्क बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू असतात, त्यामुळे तो एक रिपोर्ट पाहून शोध थांबवू नये. हृदयविकाराचा झटकाही मधुमेही माणसाला छातीत न दुखता येतो आणि नुसता घाम, दम, गोंधळ एवढंच दिसतं, त्यासाठी ईसीजी. लघवी तुंबलेली असेल, चार-पाच दिवस शौचाला झालेलं नसेल, तेवढ्यानेही डिलिरियम होतो. लाजेने हे कुणी सांगत नाही आणि विचारलं तरी सुनेला सांगायला आईंना जड जातं. तुम्ही विचारा.

औषधांच्या पिशवीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे कारण सर्वांत सहज टाळता येतं. सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेलं सिरप, हात थरथरतात म्हणून कुणी दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, पाय दुखतात म्हणून ट्रॅमाडॉल, झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम, मानेसाठी स्नायू सैल करणारी गोळी. यांतलं एकेक औषध पन्नाशीच्या माणसाला चालून जातं, पण ७६ व्या वर्षी दोन-तीन एकत्र आली की भ्रम होतो. उलटही होतं : वर्षानुवर्षं रोज घेतलेली झोपेची गोळी संपली, गावात मिळाली नाही, आणि तिसऱ्या दिवशी हातपाय कापत बरळणं सुरू. आजोबांची रोजची दारू दवाखान्यात भरती झाल्यामुळे अचानक सुटली तरी असंच होतं, आणि घरचे ते सांगायला कचरतात. कृपा करून सांगा. त्याचा उपचार वेगळा आहे आणि न केल्यास जीव जाऊ शकतो.

तुमची अल्झायमरची शंका. तो आजार दोन दिवसांत येत नाही. पण त्याची सुरुवात आधीच झालेली असेल तर डिलिरियम लवकर होतो, म्हणून भावजयीला विचारा, ती रोज सोबत असते : सहा महिन्यांपूर्वी आई पैशांचा हिशोब नीट ठेवत होत्या का, भाजीत मीठ दोनदा पडत होतं का, रोजच्या देवळाच्या वाटेवर कधी चुकल्या का? तिची उत्तरं 'नाही, अगदी व्यवस्थित होत्या' अशी असतील तर तुमच्या आईंचा मेंदू महिनाभरापूर्वीपर्यंत चांगला होता आणि तो परत मिळवण्यासाठी धडपडायला हवं. विसराळूपणाची खरी चाचणी यातून बऱ्या झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी करा. आत्ता केलेली चाचणी खोटंच सांगेल.

एमआरआय आधी नको. आधी साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, रक्ताची मोजणी, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि डोक्याचा साधा सिटी स्कॅन. यातच बहुतेक उत्तरं मिळतात. एमआरआयच्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून राहणं भ्रमातल्या माणसाला जमत नाही, मग झोपेचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि भ्रम वाढतो. महिन्यापूर्वीच्या टीआयएची ताजी खूण आता त्यात दिसण्याची शक्यता कमीच. पण रक्त आणि सिटी स्कॅन नॉर्मल येऊनही गुंगी उतरली नाही, किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसला, तर एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) दोन्ही लागतील. झटके न दिसता मेंदूत फिट चालू असू शकते आणि माणूस नुसतं टक लावून बघत राहतं, ती ईईजीशिवाय सापडत नाही.

तुमच्या आईंना लागू नसलं तरी दुसऱ्या वाचकांसाठी एक सांगायलाच हवं. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, थंडीत खोलीत पेटवून ठेवलेली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो. आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, दार उघडलं तर बेशुद्ध किंवा गोंधळलेलं सापडलं, तर ते घसरून पडलं एवढंच धरून चालू नका. आधी मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि रुग्णालयात 'गॅस गिझर चालू होता' हे सांगा. कुणी सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या ते डोक्यात येत नाही, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यात नॉर्मल आकडा दाखवतं. आणि अंथरुणात कूस बदलली की अर्धा मिनिट खोली फिरते ती चक्कर बहुधा कानातली, साध्या हालचालींनी बरी होणारी असते. पण सतत चक्कर, उलट्या आणि आधाराशिवाय उभंही राहता येत नाही, हे कानावर किंवा मानेच्या स्पॉन्डिलायटिसवर ढकलू नका. मागच्या लहान मेंदूचा झटका असाच येतो.

काकूंशी भांडू नका. मेलेल्या बहिणीशी बोलणारी जाऊ पाहून त्या घाबरल्या आहेत. भ्रमात मेंदू जुन्या ओळखीचे चेहरे समोर आणतो, ते आईंना खरेच दिसत होते. अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, तो गाडीत बसवतानाही लावता येतो. फक्त कुठल्या ठिकाणी नेऊन रात्र काढायची, उपाशी ठेवायचं, धूर द्यायचा, हे नको. फिट आली तर कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. कुशीवर वळवून ठेवावं आणि वेळ पाहावी.

रुग्णालयात भावाने काय न्यायचं? घरातली सगळी औषधं, रिकाम्या पाकिटांसकट, एका पिशवीत. आईंचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र असेल तर ते. आणि एका कागदावर चार ओळी : शेवटचं पूर्ण ठीक कधी होत्या, पहिल्यांदा काय वेगळं दिसलं, गेल्या पंधरा दिवसांत कुठली गोळी नवी सुरू झाली किंवा बंद झाली, पडणं-लागणं झालं का. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः गेलात तर बरं, पण हा कागद भावजयीकडून लिहून घ्या. वय ७० च्या पुढे असल्यामुळे आईंना आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेच्या 'वय वंदना' कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू शकतं. आधार कार्ड सोबत ठेवा आणि ते रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा.

भरती झाल्यावर रात्री ओळखीचं एक माणूस जवळ हवं, आणि शक्यतो रोज तेच. चष्मा घातलेला असू द्या. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. 'मावशी कुठे आहे' विचारलं तर 'ती मेली, तुला कळत नाही का' म्हणू नका, 'मी आहे ना जवळ' म्हणा आणि घरचा विषय काढा. हात बांधायला सांगितलं तर आधी विचारा की त्याऐवजी कुणी शेजारी बसलं तर चालेल का. झोपेचं इंजेक्शन प्रत्येक रात्री का दिलं जातंय हेही विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रिपोर्ट नॉर्मल झाले की दुसऱ्या दिवशी आई पूर्वीसारख्या होतील अशी अपेक्षा ठेवू नका. सोडियम तीन दिवसांत सुधारतं, भ्रम निवळायला काही आठवडे लागतात, मध्ये एखादी संध्याकाळ पुन्हा वाईट जाते. त्या काळात भावजयीवर भार फार पडेल. शनिवार-रविवार तुम्ही जाऊन रात्र काढा, तिला झोपू द्या. आणि सोडियम, क्रिएटिनिन, ईसीजी, सिटी स्कॅनचा अहवाल आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मला सदराच्या पत्त्यावर पाठवा. टीआयएसाठी कुठली गोळी चालू ठेवायची आणि बीपीची कुठली बदलायची, हे तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी त्यावरून लिहून देईन.